वेस्ताच्या पाठीवरच्या जखमा

पांढरखडी गावच्या वेस्ता वसावेला, यंदा होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या आत, जहागिरीच्या राखीव रानात बिबट्याच्या वाटेवर उभं केलं. हातात काठीशिवाय काही नव्हतं. तो तिथेच मेला. त्याची राख थंड व्हायच्या आत कारभाऱ्यांनी लिहून ठेवलं, की सदर इसम दारू प्यायलेला होता, जनावर पाहून पळाला, जखमा पाठीवर आहेत.

वेस्ता, पत्रक लिहायची एकच पद्धत मला शिकवली आहे. आधी जुलूम कोणावर झाला ते, मग केव्हा झाला ते, मग खाली आग. वरच्या ओळी तशाच लिहिल्या. पण खाली आग येईना. तूच येऊन बसलास, गुडघे छातीशी घेऊन, दात काढत. तेव्हा आता तुझ्याशीच बोलतो. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी ऐकावं, शेवटी माझं काम त्यांच्याशीही आहे.

आपली ओळखच भांडणातून झाली. डोंगराखालच्या बाजारात मी वेठीविरुद्धची पत्रकं वाटत उभा होतो. कोरीटच्या शेतकऱ्याचा पोर, नंदुरबारला चार इयत्ता जास्त शिकलेला, डोक्यावर पांढरी टोपी. जहागिरीच्या कामाला फुकट राबू नका, शिकारीत रान उठवायला, हाक्याला बोलावलं तर जाऊ नका, असं घसा खरवडून सांगत होतो. तू पत्रक घेतलंस, हुंगलंस, दोन बोटांत चुरून पाहिलंस.

"भाऊ, येनी बिडी व्हस का?"

भोवतालचे खिदळले. मी चिडून म्हटलं, "वाचायचं असतं ते."

"मंग वाची दे ना. तू शिकेल शे. मी कोठे शिकेल शे?"

मी सगळं वाचलं. तू मान हलवत शेवटपर्यंत ऐकलंस आणि निकाल दिलास, "आपटानं पान बरं. हाऊ कागद लगेच जळी जास."

त्यानंतर मी पांढरखडीला येऊ लागलो. तापी ओलांडून सातपुड्यात शिरलं की सगळे डोंगर काळ्या दगडाचे, हा एकच पांढरा, चुनखडीचा. पाऊस पडतो तो त्याच्या अंगावर थांबत नाही, फटीफटींतून आत मुरतो आणि खाली घळीच्या तोंडाशी झरा होऊन बाहेर पडतो. गाव वर, पाणी खाली, मधे ती घळ. दोन्ही अंगांना पांढरे कडे, कड्यांत गिधाडांच्या ढोल्या, गुहांत वटवाघळं, अंजनाच्या झाडांवर धनेश पंख फडफडवत जायचे तेव्हा सुपाने पाखडल्यासारखा आवाज यायचा. जहागिरीने हे सगळं रान राखून ठेवलं, वर बंगला बांधला. मग नंदुरबार-शहाद्याकडची शिकलेली मंडळी कारभाऱ्यांची चिठ्ठी घेऊन तिथे पायी फिरायला, जनावरं बघायला येऊ लागली. तुमच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन ज्या वाटेने चढायच्या, त्याच वाटेने ही मंडळी गळ्यात दुर्बीण घालून चढायची. पुढे चालणारा तू.

एकदा मी तुमच्या मागेमागे आलो होतो. पाहुण्यांतल्या एका बाईंना वाघ बघायचा होता. त्या रानात वाघ कधीचाच उरला नव्हता. तू वळणाआड गेलास, वाटेवरच्या पांढऱ्या फुफाट्यात मूठ दाबलीस, वर चार बोटांची टोकं उमटवलीस, आणि मंडळी जवळ आल्यावर ओठांवर बोट ठेवून उभा राहिलास. बाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. नवऱ्याने छत्री तलवारीसारखी पुढे केली. अर्धा तास कोणी मोठ्याने श्वास घेतला नाही.

परतताना मी तुला झाडलं. "खोटं कशाला बोललास?"

"मी कोठे बोलनू? मी ते मुक्काच व्हतू."

"तुमचं रान तुमच्याकडून काढून घेतलं, आणि तू त्यांचीच करमणूक करतोस?"

"भाऊ, त्या येतस तवपर्यंत वाट उघडी शे. पाव्हणा बंद व्हयनात का कारभारी कुलूप लाई दी. तुन्हा कागद कुलूप उघाडी का?"

"हक्क आहे तुमचा. मागा ना!"

"मांगं का त्यासले नही म्हनाना याद येस."

हा वाद आपण किती ठिकाणी घातला! झऱ्यापाशी, बंगल्याच्या मागच्या बाजूला, तुझ्या अंगणात कोंबड्या हाकलत. तुझी बायको रुमली भाकरी थापता थापता ओरडायची, "दोन्ही जन जेवा आन मंग मरा!" तू मला 'कागदभाऊ' म्हणायचास, मी तुला 'जहागिरीचा पायपुसणा'. आज तो शब्द मला कडू लागत नाही, खोटाही वाटत नाही. मी तसाच बोलायचो आणि तू तसाच हसायचास. वाद मिटला नाही. तू मधेच उठून गेलास, आणि आता माझी बाजू खरी ठरली की तुझी, हे मला एकट्याला ठरवता येत नाही. तू हाक्याला गेला नसतास तर जगला असतास, म्हणजे मी खरा. तू जात होतास तोवर वाट उघडी होती, तू मेलास आणि कुलूप लागलं, म्हणजे तू खरा. बघ, मेल्यावरही तू मला सरळ जिंकू देत नाहीस.

पण मला बोलायचं आहे ते तुमच्या शिकारीबद्दल. जहागिरीच्या नव्हे, तुमच्या गावच्या.

गेल्या साली होळीनंतर, राखीव रानाच्या हद्दीबाहेरच्या टेकडीवर, तू मला नेलंस. तीन बाजूंनी माणसं लागली, ढोल, डबे, आरोळ्या. चौथी बाजू मोकळी. मला वाटलं माणसं कमी पडली. तू मला नेमकं त्या मोकळ्या बाजूला उभं केलंस.

"आठे उभा ऱ्हाय. आन पाठ कर."

"पाठ?"

"ही बाजू देवनी शे. जे इकडथून जाई ते देवनं. त्याले मारानं नही, दखानं बी नही. तू डोया लाई बसना ते ते जाई कसं?"

"आणि माझ्यावरच आलं तर?"

"नही येवाव. तू वाट सोडेल शे, त्याले कळस."

मी पाठ करून उभा राहिलो. वेस्ता, मी सभेत दगड खाल्लेत, फौजदारापुढे छाती काढून उभा राहिलोय. पाठ दाखवायची नाही, एवढंच मला शिकवलं होतं. त्या टेकडीवर मानेवरचे केस उभे राहिले. मागे पाचोळा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. कुणाचा तरी गरम वास माझ्या डाव्या अंगाने गेला, अगदी हात लांबवला असता तर लागला असता इतक्या जवळून. मी वळलो नाही. ढोल थांबल्यावर तू पळत आलास.

"गयं का?"

"गेलं."

"दखं का?"

"नाही."

तू माझ्या पाठीवर अशी थाप मारलीस की मी पुढे झोकांडलो. "मंग तू मानूस शे!"

"पण काय होतं?"

"तुले काय करनं? देवनं व्हतं."

भेकर होतं, तरस होतं की अस्वल, शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. तुला माहीत होतं, तू समोरच्या उतारावर होतास. पुढे कितीदा तरी विचारलं, तर म्हणायचास, "कागदवर लिखशी म्हनीसन सांगत नही." घेराव घालायचा आणि तरी एक बाजू सोडायची, हे मला आमच्या चळवळीत कोणी शिकवलं नव्हतं. तू शिकवलंस. त्याबद्दल तुला कधी काही बोललो नाही. बोललो असतो तर तू थट्टाच केली असतीस, म्हणून राहून गेलं.

आता त्या दिवसाचं. मी तिथे नव्हतो. हाक्यातल्या माणसांनी सांगितलं ते आणि रुमलीने सांगितलं ते, दोन्ही जुळतं.

नंदुरबारचे तीन पाहुणे बंगल्यावर आले होते. फिरून झालं, पक्षी बघून झाले, आता बिबट्या हवा होता. कारभाऱ्यांनी शिपाई पाठवून गावातून हाकेकरी उठवले. दुसऱ्या दिवशी भोंगऱ्या बाजार, होळीच्या नाचासाठी तुला नवे घुंगरू घ्यायचे होते. रुमली म्हणाली, जाऊ नको. तू पेज प्यालास आणि म्हणालास, दुपारपर्यंत येतो.

बंगल्याच्या ओसरीवर पाहुणे चहा घेत होते. तू पुढे होऊन कारभाऱ्यांना म्हणालास, "साहेब, हाका करू. पण घळीकडली बाजू मोकळी ठेवा. एक बाजू देवाले लागस."

पाहुण्यांतल्या एकाने विचारलं, "आणि देवाच्या बाजूला कोण उभं राहतं रे?"

"मी. पाठ करीसन."

"करून दाखव की!"

तू करून दाखवलंस. ओसरीकडे पाठ करून, हात खाली सोडून उभा राहिलास. हसू इतकं उसळलं की एकाच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. तूही हसत असणार, तुला मी ओळखतो. तेव्हा कारभारी म्हणाले, सगळ्यांच्या देखत, "बरं बाबा, सोड तुझ्या देवाला वाट. पाहुणे मचाणावरून टिपणारच आहेत, देवापर्यंत पोचतंय कोण!"

हे वाक्य ओसरीवरच्या तिन्ही पाहुण्यांनी ऐकलं. खाली अंगणात बसलेल्या सगळ्या हाकेकऱ्यांनी ऐकलं.

हाका झाला. बिबट्या निघाला. मचाणावरून गोळी सुटली, त्याच्या खांद्याला लागली, तो पडला नाही. रक्त गाळत घळीकडे वळला, जिथे तू होतास. पाठ करून.

वेस्ता, तू वळला का नाहीस? गोळीचा आवाज तुझ्या कानावर आलाच. जखमी जनावर काय करतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. हाकेकरी सांगतात, ते ओरडले, तुझं नाव घेऊन ओरडले. तरी वळला नाहीस. मला तुझा राग येतो, खरंच येतो. एकीकडे चहा सांडेपर्यंत हसणारी माणसं बंदूक रोखून बसली आहेत, त्यांनी तुझ्या देवाची बाजू पाळायची नाही असं ठरवूनच टाकलंय, आणि तू एकटा ती पाळत उभा! वाट तू सोडली होतीस. पण त्याच्या खांद्यात शिसं होतं, त्याला ते कसं कळावं?

मग जखमा पाठीवर असणारच. छातीवर कशा असतील?

रुमली मला म्हणाली, "भाऊ, त्या दारू पियेल नव्हतात. नुसती पेज पिसन गयात. आन त्या पळनात नही. पळता ते वाचता."

पळाले असते तर वाचले असते. एवढं साधं आहे. पण हे कुठे सांगायचं?

माझी कोंडी बघ. तू प्यायलेला होतास, पळालास, हे मी कबूल करू? मग तू भेकड ठरलास आणि वर कारभाऱ्यांचं म्हणणं असं, की असल्या दारुड्यांच्या गावाला राखीव रानातून वाट देणं पाहुण्यांच्या जिवाला धोका आहे. बरं, खरं सांगू? की तू शुद्धीवर होतास, जाणूनबुजून पाठ केलीस, बिबट्याला जाऊ देणार होतास? मग म्हणतील, बघा, यांनीच कबूल केलं, हुकूम मोडून शिकार घालवली. तेव्हाही वाट बंद. मी दोन्ही कागद लिहून पाहिले आणि दोन्ही फाडले. खोटं बोललो तर तू जातोस, खरं बोललो तर गाव जातं. तीन बाजूंनी ढोल वाजताहेत आणि चौथ्या बाजूला काटेरी तारा.

कारण तारा लागल्या, वेस्ता. तू गेल्यावर चारच दिवसांत घळीच्या तोंडाशी खांब रोवले, फाटक केलं, कुलूप घातलं. झरा कुंपणाच्या आत. पाहुणे अजून येतात, त्यांना फाटक उघडतात, ते झऱ्याचं पाणी ओंजळीने पिऊन 'काय गोड आहे' म्हणतात. तुमच्या बायका डोंगराला वळसा घालून नदीवर जातात. रुमली हसत म्हणाली, आणि तिचं ते हसू मला बघवलं नाही, "वर येवालगून अर्धा हंडा आम्हीच पी टाकतस." चुनखडीचा डोंगर पाणी धरत नाही. पाऊस यायला वेळ आहे. गावातली दोन घरं आताच नवापूरकडे मजुरीला उतरली. आणखी थोडे दिवस कुलूप राहिलं तर पांढरखडी उठेल, आणि मग कोणाला वाट हवी होती असं विचारायलाही कोणी उरणार नाही.

कोंडीतून बाहेर यायची एकच फट आहे. तू हुकूम मोडला नाहीस. तू परवानगी मागितलीस आणि कारभाऱ्यांनी ती दिली. थट्टेत दिली, पण दिली. हाकेकऱ्यांनी हे सांगितलं, तर चौकशीत जबाब घेणारा म्हणाला, "तुम्ही सगळे एकाच पाड्याचे." तेव्हा राहिले ते तीन पाहुणे.

त्यांच्यातल्या एकाच्या घरी मी जाऊन आलो. चांगलं घर, दारात तुळस, खुंटीवर दुर्बीण. मला बसायला पाट दिला, गूळ-पाणी दिलं.

"वाईट झालं हो," ते म्हणाले. "हसतमुख माणूस होता. आम्हाला वाघाचं पाऊल दाखवलं होतं त्याने."

तुझी गंमत मी फोडली नाही.

"कारभारी काय म्हणाले होते ओसरीवर?"

"असेल काहीतरी झालं बोलणं."

"असेल की झालं?"

"अहो, थट्टेतलं बोलणं ते. त्याचा का जबाब द्यायचा?"

"त्याच थट्टेवर विसंबून माणूस उभा राहिला."

त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितला. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही तरुण आहात. जहागिरीशी आमचे जुने संबंध आहेत. उद्या फाटकावर आमचीही चिठ्ठी अडवली तर?"

मी चहा न घेता उठलो. तू असतास तर म्हणाला असतास, चहा कसाले सोडना रे? तुझं खरं आहे. चहा सोडून काही मिळालं नाही.

तुझ्यावर रडायला मला अजून सवड मिळालेली नाही. कोरीटला गेलो तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कोन गया रे तुन्हा?" भाऊ म्हणावं की दोस्त म्हणावं, हे मला पटकन सुचलं नाही. आपण एका ताटात जेवलो, एकमेकांना शिव्या दिल्या, आणि आपलं नातं काय ते कधी ठरवलंच नाही. आता ठरवतो. माझा भाऊ गेला. तिला तसंच सांगितलं.

आता तुमच्याकडे वळतो, नंदुरबारच्या वाचकांनो. लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून हे दोन्ही अंगांनी, बारीक टायपात छापलंय. तरी वाचा. येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी, पांढरखडीच्या घळीपाशी, त्या फाटकासमोर, चौकशीचे अंमलदार बसणार आहेत. वेस्ता भेकड होता की नाही आणि गावाला पाणी मिळणार की नाही, या दोन्हीचा निकाल तिथे एकदमच लागेल.

तुम्ही तिघे पाहुणे याच नंदुरबारात राहता. मी तुमची नावं छापत नाही, कारण तुम्ही स्वतः यावं अशी माझी इच्छा आहे. बाकीच्यांनो, तुम्हाला ते तिघे माहीत आहेत. तुमच्याच आळीत राहतात, तुमच्याच पारावर बसून बिबट्याची गोष्ट सांगतात. ती गोष्ट ओसरीपासून सांगायला लावा. आणि त्यांना घेऊन या, पायी, गाडीतून, कसंही. त्या रानात फिरायला तुम्हाला वेळ मिळतो, तर एका सकाळचा वेळ यालाही मिळेल.

या, आणि अंमलदारांपुढे उभे राहून मोठ्याने सांगा की वेस्ताने विचारलं होतं आणि कारभाऱ्यांनी हो म्हटलं होतं.